तीन गाठींची पिशवी

वुडलँड्स, सिंगापूर
१६ नोव्हेंबर २०१४

प्रबोध,

वर "अनेक आशीर्वाद" लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. मी रागावलेली आहे, हे तुला आधी कळू दे. आशीर्वाद शेवटी जमले तर लिहीन.

सोळा महिने झाले, तुझा फोन नाही. तुझ्या वकीलबाईंच्या मेलवरून कळतं की तू जेवतोस, झोपतोस, तुरुंगाच्या वाचनालयात काम मागितलंस. सात वर्षांची शिक्षा झाली, तेही त्यांनीच कळवलं. पोटच्या पोराला सात वर्षं झाली, हे आईने इंग्रजी मेलमध्ये वाचायचं. खाली "काइंड रिगार्ड्स" आणि त्याखाली ऑफिसचा फॅक्स नंबर.

मी तुला अमेरिकेत रसायनशास्त्रात डॉक्टर व्हायला पाठवलं होतं. परीक्षेच्या दिवसांत पोरं जागरणासाठी खातात त्या गोळ्या विकायला नाही. आणि तेही आम्ही राहतो सिंगापुरात! इथे विमानतळावरच्या पांढऱ्या कार्डावर लाल अक्षरांत 'अमली पदार्थ आणणाऱ्याला मृत्युदंड' असं छापलेलं असतं, ते तू आठव्या वर्षी मला मोठ्याने वाचून दाखवलं होतंस. बाबा म्हणाले होते, पोराचं इंग्रजी सुधारलं.

तुझ्या त्या एकमेव फोनचं सांगते. यंत्रातली बाई आधी बजावत होती, हे बोलणं नोंदवलं जात आहे. बाबांनी स्पीकर लावला होता. मी तुला एकच विचारलं, "पिशवी तूच ठेवलीस ना रस्त्यावर?" तू किती वेळ गप्प होतास, मला मोजता आलं नाही. मग म्हणालास, "हो, आई." आणि फोन ठेवलास. नंतर बोलायला उरलं काय? कचऱ्याची गाडी गुरुवारी येणार आणि माणूस मंगळवारी पिशवी रस्त्याच्या कडेला ठेवतो! पोलिसांनी ती उचलली, तुझ्या नावाच्या पाकिटासकट. त्या पिशवीच्या जोरावर झडतीचा हुकूम मिळवला आणि शनिवारी घरात शिरून उरलेलं सगळं काढलं. इतका बावळट तू कधीपासून झालास?

वकीलबाई म्हणतात, मराठीत लिहिलं तर तिथले लोक पत्र उघडतात आणि कधी कधी भाषांतराला पाठवतात. पाठवू देत. त्यांनाही कळू दे की तुझी आई रागावली आहे.

ऋचा पॉलिटेक्निकला जाते. भाऊ काय करतो असं कुणी विचारलं की इथल्या ढंगात सांगते, "ही इज बिझी, लाह." तिने हे माझ्याकडूनच उचललं.

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

आई


वुडलँड्स
३० नोव्हेंबर २०१५

प्रबोध,

दोन ओळीही नाहीत. बरं.

मधल्या न्यायालयानेही अपील फेटाळलं, ते कळलं. आता राज्याचं सर्वांत वरचं न्यायालय राहिलं. त्यांनी ऐकलंच पाहिजे असं नाही, इच्छा असेल तर ऐकतात, असं वकीलबाई म्हणाल्या.

काल चोआ चू कांगला धम्मानंदकाकांच्या घरी संविधान दिन केला. गुरुवारी सगळ्यांची ऑफिसं, म्हणून रविवार. चौदा माणसं, पोरंटोरं वेगळी. काकांनी उद्देशिका वाचायला मला उभं केलं. मला पुस्तक लागत नाही, तुला ठाऊक आहे. नागपुरात आजोबा रोज सकाळी चहाच्या आधी आमच्याकडून म्हणून घ्यायचे आणि चुकलं तर चहा नाही. मी "आम्ही, भारताचे लोक" म्हटलं आणि "न्याय" या शब्दापाशी आवाज गेला. सगळ्यांना वाटलं, नंदाताई भारावल्या. वहिनींनी पाणी दिलं आणि विचारलं, "प्रबोधचं संशोधन कुठवर आलं?" मी म्हटलं, "चाललंय, फार कामात असतो." उद्देशिका म्हटल्यावर दोन मिनिटांत खोटं बोलले. आजोबांनी महिनाभर चहा दिला नसता.

मी अठरा वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. वीस गुणांचा विषय, इतिहासाच्या शेपटाला बांधलेला. मुलांना सांगायचे, घटना एक, तिच्यापुढे सगळे सारखे. आता या वयात कळतंय की अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची वेगळी घटना असते. पन्नास! ऋचाने तुझ्या राज्याची घटना छापून दिली. वुडलँड्सच्या वाचनालयात तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून वाचते. शेजारी म्हातारे चिनी आजोबा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपतात, आणि मी तुझ्या राज्याच्या घटनेवर पेन्सिलने खुणा करते.

मला समजलं ते लिहिते. चुकलं तर तू दुरुस्त कर, निदान त्यासाठी तरी लिही. देशाचं सर्वोच्च न्यायालय फार पूर्वी म्हणून गेलंय, की रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या कचऱ्यावर कुणाचा हक्क राहत नाही, पोलिसांनी खुशाल उघडावा. पण ते देशाच्या घटनेबद्दल म्हणाले. राज्याच्या घटनेने नागरिकाला त्याहून जास्त द्यायचं ठरवलं तर देता येतं. कमी देता येत नाही, जास्त देता येतं. आणि राज्याच्या घटनेचा अर्थ काय, हे राज्याचं न्यायालय सांगतं. त्यात वरचे बोट घालत नाहीत.

मग ही राज्याची न्यायालयं काय करतात? मला माझा वर्गच दिसला. काही सरळ शेजारच्याच्या पेपरात बघून लिहितात. केंद्राने जे म्हटलं तेच आमचं, शब्द सारखे आहेत ना, मग अर्थही सारखा. काही आधी शेजाऱ्याचं बघतात आणि अगदीच पटलं नाही तर स्वतःचं डोकं चालवतात. आणि थोडी पहिल्यापासून आपला पेपर आपण सोडवतात. अशांपैकी काहींनी निकाल दिलाय की माणसाचा कचरा बांधलेल्या पिशवीत असेतो त्याचाच, पोलिसांना आधी न्यायाधीशाची परवानगी लागेल. त्या राज्यांत तू आज घरी असतास. कचरा तोच, पिशवी तीच.

तुझ्या राज्याने कचऱ्याच्या बाबतीत अजून काहीच ठरवलेलं नाही. वकीलबाई हाच मुद्दा घेऊन वर जाणार आहेत. मी शिक्षिका आहे. बघून लिहिणाऱ्या मुलाला गुण देणं माझ्या जिवावर यायचं, आता मी तसल्याच मुलापुढे हात जोडून बसले आहे.

आई


वुडलँड्स
२० मार्च २०१६

प्रबोध,

ऐकणार आहेत! मेल आली तेव्हा मी बाजारात होते. मासेवाल्या अंकलच्या समोर उभी राहून तीनदा वाचली. तो म्हणाला, "आंटी, फिश वॉन्ट ऑर नॉट?" मी नको असताना पापलेट घेतलं. तू नसताना पापलेट केलं आणि कुणी खाल्लं नाही.

सात न्यायाधीश आहेत. सगळ्यांचे फोटो त्यांच्या वेबसाइटवर आहेत. एक बाई आहेत, पांढरे आखूड केस, त्यांनी पूर्वी दोन निकालांत लिहिलंय की आपल्या घटनेचे शब्द केंद्राच्या घटनेसारखे असले तरी ते आपण आपल्या लोकांसाठी लिहिलेत, म्हणून वाचायचेही आपणच. मला त्यांचं लिहिणं आवडतं. वाक्यं लहान, फुशारकी नाही. त्यांचे दोन सोबती नक्की धरायचे. तीन नक्की विरुद्ध. उरले एक जाडसर गृहस्थ, सरळ वाटतात. ते कधी इकडे असतात, कधी तिकडे. सगळं त्यांच्यावर आहे. बाबा म्हणाले, "नंदा, तू क्रिकेटचा स्कोअर लावल्यासारखं बोलतेस." आणि मग तेच रोज विचारतात, तो जाडा काय म्हणाला.

बाबांचा इथे राहून नोकरी करायचा पास या वर्षी दोनच वर्षांसाठी वाढवला. कंपनी माणसं कमी करतेय, त्याचा तुझ्याशी संबंध नाही. पण ते म्हणतात, कुठे कुणी काही विचारलं तर घरातल्या माणसाच्या खटल्याचं काय सांगायचं? म्हणून तर ते पहिल्यापासून मला बजावत आलेत, तू त्या घरात होतीस हे कुणाला सांगायचं नाही.

हो, होते. तीन आठवडे होते आणि शुक्रवारी निघाले, हे काही गुपित नाही, माझ्या पासपोर्टवर शिक्का आहे. पण कुणी विचारलंच नाही. वकीलबाईंनीही नाही. तू त्यांना काय सांगितलंस ते तुलाच ठाऊक.

आणि घरात असले म्हणून काय? मी स्वयंपाकघर आवरलं. कुठली आई आवरणार नाही! तू म्हणाला होतास, "आई, मागच्या दाराशी कचरा साठलाय तो राहू दे, मी बघतो." तीन आठवड्यांत एकदाही बघितलं नाहीस. आपल्याकडे कचरा घरात एक रात्र राहत नाही. ओट्याजवळचं कचऱ्याच्या नळाचं झाकण उघडायचं, पिशवी सोडायची, बारा मजले खाली धप्प आवाज आला की विषय संपला. ती सवय हाताला असते. एखाददुसरी पिशवी मी मागच्या दारापर्यंत नेली असेल. त्याहून जास्त मला आठवत नाही.

चप्पल घालून चालत जा. अंगण असेल तर फेऱ्या मार. तुझे गुडघे बाबांवर गेलेत.

आई


वुडलँड्स
१४ ऑक्टोबर २०१६

प्रबोध,

सुनावणीचं चित्रण ऋचाने लावून दिलं. काल दुपारी तिच्याबरोबर जेवणाच्या टेबलाशी बसून पाहिलं. बाबा खोलीत होते, दार उघडं ठेवून.

वकीलबाई छान बोलल्या. त्या लहानखुऱ्या निघाल्या, मला धिप्पाड वाटायच्या. माझ्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी सरकारी वकिलाला विचारलं, "तुमचं म्हणणं काय, या राज्यातल्या माणसाने आपलं खाजगी आयुष्य फाडून, बारीक करून, पाण्यात विरघळवून मगच बाहेर ठेवायचं?" हसले सगळे. मग त्या म्हणाल्या, "ही पिशवी दुहेरी होती आणि तिला तीन गाठी होत्या. पोलिसाला सुरीने कापावी लागली. तीन गाठी मारणाऱ्या माणसाला ती कुणी उघडावी असं वाटत होतं का?" सरकारी वकील कागद चाळू लागला. ऋचा ओरडली, "वा, शी इज सो गुड, मा!" मी टेबलाखाली हात दाबून धरले होते.

मग तो जाडसर न्यायाधीश पुढे वाकला. त्याने फार सौम्यपणे विचारलं, "पिशवी रस्त्यावर ठेवली कुणी, याबद्दल काही वाद आहे का?" सरकारी वकील म्हणाला, "नाही. आरोपीने स्वतः फोनवर कबूल केलंय, नोंद आहे. पुढे शपथेवरही तेच सांगितलंय." वकीलबाई म्हणाल्या, "वाद नाही." तो मागे टेकला. काहीतरी लिहिलं.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

आज सकाळी मी वकीलबाईंना मेल लिहिली. फक्त विचारलं, समजा, पिशवी दुसऱ्या कुणी, त्याला न सांगता ठेवली असती तर? तासाभरात उत्तर आलं. पहिल्या सुनावणीत हे पुढे आलं असतं तर खटला वेगळा असता, कारण जी वस्तू माणसाने स्वतः टाकलीच नाही ती त्याने सोडून दिली असं म्हणणं अवघड. पण आता वर नवी हकीगत सांगता येत नाही. खाली जे कागदावर आलं तेवढंच वरचे बघतात. आणि त्यांनी पुढे लिहिलं होतं, "तुम्ही जे विचारताय ते मला आणखी सांगू नका, असा माझा सल्ला आहे. तुमच्या मुलाने शपथेवर 'मीच ठेवली' म्हटलंय. ते खोटं ठरलं तर त्याच्यावर नवा गुन्हा येईल."

म्हणून सांगितलं नाही. तुलाही इथे काही सांगत नाही. हे पत्र तुझ्या आधी कुणीतरी उघडणार आहे. माझा विचार चालू असतो एवढंच लिहिते.

तुझ्या वाढदिवसाला खीर केली. ऋचाने खाल्ली.

आई


वुडलँड्स
१२ मे २०१७

माझ्या प्रबोध,

निकाल लागला. चार विरुद्ध तीन.

हे पत्र मी पाठवणार नाही. लिहायला बसले तेव्हाच ठरवलं, म्हणून पहिल्यांदा सरळ लिहिते आहे.

बहुमताने बघून लिहिलं. आमच्या राज्याच्या घटनेतले शब्द देशाच्या घटनेतल्या शब्दांसारखे आहेत, वेगळा अर्थ लावण्याजोगं कारण दिसत नाही, झालं. अकरा पानं. माझ्या बाईंनी विरुद्ध निकाल लिहिला, तो तीस पानांचा. त्यात गाठींवर एक अख्खं पान आहे. "ज्याने या गाठी मारल्या, त्याने राज्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं की आत पाहू नका," असं त्या म्हणतात. बाईंना कोण सांगणार.

पण मी तुला चौथ्या माणसाचं सांगते. त्या जाडसर न्यायाधीशाने वेगळं टिपण जोडलंय. दीडच पान. तो म्हणतो, आपली घटना आपण स्वतंत्रपणे वाचावी हे मला पटतं. बांधलेली पिशवी आरोपीच्या नकळत, त्याच्या इच्छेविरुद्ध बाहेर गेली असती, तर मी या बाईंच्या बाजूने मत दिलं असतं. परंतु इथे आरोपी स्वतःच सांगतो की ती मी ठेवली. त्याच्याच शब्दापलीकडे मला जाता येत नाही.

दहा वेळा वाचलं. ऋचाला म्हटलं, या वाक्याचा अर्थ नीट सांग, माझं इंग्रजी कच्चं आहे. तिने सांगितला. माझं इंग्रजी कच्चं नाही.

तर ऐक. सोमवारी तू लॅबमध्ये होतास. तांदळाच्या डब्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. उघडला. लहान लहान पिशव्या, प्रत्येकीत दहा गोळ्या, आणि तुझ्या अक्षरात नावांची चिठ्ठी. मला कळायला एक मिनिट लागलं नाही. मी काय करायला हवं होतं? तुला बसवून विचारायला हवं होतं. वर्गातल्या कुठल्याही पोराला मी बसवून विचारलं असतं. तुला नाही विचारलं, कारण तू "हो" म्हणाला असतास तर मला ते ऐकावं लागलं असतं.

मी तो डबा रात्रभर माझ्या सूटकेसमध्ये ठेवला. मंगळवारी तू गेल्यावर सगळं चहाच्या चोथ्यात, कांद्याच्या सालांत कालवलं. वर टेबलावरची रद्दी टाकली, त्यात तुझ्या नावाचं पाकीट होतं, ते पाहिलं नाही. पिशवीत पिशवी घातली. तीन गाठी मारल्या. मागच्या दाराशी ठेवावीशी वाटेना, तू उघडशील म्हणून. घरात झाकण असतं तर खाली सोडली असती. नव्हतं, म्हणून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली. मला वाटलं, रस्त्यावर ठेवली म्हणजे गेली.

बुधवारी सकाळी खिडकीतून पाहिलं, तर साध्या कपड्यांतला एक माणूस तीच पिशवी उचलून गाडीच्या डिकीत ठेवत होता. मला कोण वाटला असेल? आपल्या ब्लॉकखाली भोंगा वाजवत भंगार न्यायला येतो तो कारांग गुनीवाला. म्हटलं, इथेही असतात वाटतं. बरं झालं, गुरुवारपर्यंत थांबायला नको. आणि मी तुझ्यासाठी भात टाकला.

डबा गेलेला तुझ्या लक्षात आला होता. गुरुवारी जेवताना तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "वरण घे अजून." तू घेतलंस.

विमानात शेजारच्या बाईंच्या पांढऱ्या कार्डावर ती लाल अक्षरं दिसली आणि मला किती हलकं वाटलं! म्हटलं, आपण पोराला वाचवलं. त्याच वेळी ते तुझं दार ठोकत होते. तुझ्याकडे अजून दोन डबे होते, ते मला सापडले नव्हते.

मग तो फोन. बाबांनी मला विचारलं होतं, तू हात लावला होतास का कशाला? मी नाही म्हटलं. त्यांना तेवढंच हवं होतं. तुझा फोन आला तेव्हा ते शेजारी, स्पीकर चालू, यंत्रातल्या बाईने आधीच बजावलेलं. मला ठाऊक होतं पिशवी कुणी ठेवली. तरी मी तुला विचारलं, "तूच ठेवलीस ना?" तो प्रश्न नव्हता, प्रबोध. मी तुझ्यापुढे हात पसरला होता. तू गप्प होतास तेवढ्यात सगळं समजलास, आणि "हो, आई" म्हणून मला त्यातून बाहेर काढलंस. पुढे शपथेवरही तेच धरून बसलास. न्यायाधीशाला तुझ्या शब्दापलीकडे जाता येत नाही म्हणे. तो शब्द माझा होता. मी तुझ्या तोंडात घातला.

तू का लिहीत नाहीस, ते मला पहिल्या दिवसापासून कळतं. तरी मी तुला बावळट म्हटलं. कागदावर, शाईने. मला तुझी भीती वाटत होती.

आता काही करता येत नाही. वकीलबाईंना विचारून झालं, दुसऱ्या एका वकिलाला नाव न सांगता विचारून झालं. मी पुढे येऊन खरं सांगितलं तर तू खोटी शपथ घेतलीस असं ठरतं आणि तुझी वर्षं वाढतात. मी खरं बोलले तरी शिक्षा तुलाच. हे पत्र तुझ्यापर्यंत येताना उघडलं गेलं तरी तेच. मला माफी मागायलाही जागा राहिली नाही.

संध्याकाळी हे कागद घेऊन ओट्याजवळच्या झाकणापाशी गेले. झाकण उघडलं. खालून वास आला. हात पुढे होईना. चार वर्षं मी कागदाचा कपटाही त्यात टाकलेला नाही, ऋचाच टाकते. मग कागद तांदळाच्या डब्यामागे ठेवायला गेले आणि तिथेच मटकन खाली बसले.

बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, गुडघे."

आई


वुडलँड्स
२१ मे २०१७

चि. प्रबोध,

अनेक आशीर्वाद. आम्ही तिघं बरे आहोत. निकाल वाचला. वकीलबाईंनी खूप केलं, त्यांना माझे आभार कळव.

ऋचाला नोकरी लागली, पुंगोलला. लांब पडतं, पण तिला एमआरटीच्या गाडीत झोप काढता येते. बाबांचा पास पुढच्या वर्षी वाढेल असं वाटत नाही. आम्ही बहुधा नागपूरला परत जाऊ. पत्ता कळवीन.

एक उगाच आठवलं. तू पहिल्यांदा शाळेत जाऊ लागलास तेव्हा डब्याच्या पिशवीला मी तीन गाठी मारायचे, आमटी सांडू नये म्हणून. तुला त्या सुटायच्या नाहीत. मधल्या सुट्टीत तू तसाच उपाशी बसून राहायचास आणि घरी येऊन म्हणायचास, "आज भूक नव्हती." एकदाही माझं नाव सांगितलं नाहीस. वर्गाच्या बाईंनी विचारलं तरी नाही. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं.

तब्येतीला जप. लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी आई